“वणवा गेला की गवत जोमानं येतं” असं म्हणणाऱ्या गावाशी बोलायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सह्याद्रीच्या उतारावरचं गाव, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान दरवर्षी डोंगर जळतो. शाळेत चित्रकला स्पर्धा झाल्या, जनजागृती फेरी निघाली, रस्त्याला फलक लागले. तरी लोक म्हणतात, जाळल्याशिवाय गवत चांगलं येत नाही. हे अज्ञान दूर कसं करायचं?

आधी एक दुरुस्ती सुचवतो. अडचण अज्ञानाची आहे असं धरून चाललात, तर पुढची दहा वर्षं फलकच रंगवत बसाल. ज्यानं चाळीस पावसाळे गुरं चारली, त्याला गवतातलं कळत नाही असं म्हणून संवाद सुरूच होत नाही. तो जे सांगतो ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गफलत निष्कर्षात आहे, आणि तीही अर्धीच. वणव्याकडे गावातले पाच-सहा प्रकारचे लोक पाच-सहा प्रकारे बघतात. कुणाला आगीतून काही मिळतं, कुणाचं जातं. आणि ज्याचं जातं त्याच्या हातात सहसा काडीपेटी नसते. गुंता इथे आहे.

पुढचं बरंचसं परिस्थितीवर ठरेल हेही मान्य करतो. डोंगर वनखात्याचा की खासगी वरकस (गवत-नाचणीची डोंगरउताराची जमीन), गुरं किती उरली आहेत, रान पानगळीचं आहे की कातळसडा (उघड्या खडकाचं पठार) की मध्येच एखादी देवराई, यावर उत्तर बदलतं. पण समजुतींचं स्वरूप बऱ्याच ठिकाणी सारखंच दिसतं, म्हणून तिथून सुरुवात करू.

गवताची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बहुवर्षायू गवताच्या ठोंबावर मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्यांचं छप्पर झालेलं असतं. ते जळालं की ठोंबाच्या बुडाशी ऊन पोचतं, काळी जमीन लवकर तापते आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर नवे फुटवे निघतात, कधी पावसाच्या आधीच. हे फुटवे कोवळे असतात, त्यांत प्रथिनं जास्त असतात, गुरं तिकडे धाव घेतात. म्हणजे “जाळलं की हिरवं येतं” हे खरं आहे. यावर “नाही, खोटं आहे” म्हणणारा कार्यकर्ता पहिल्याच वाक्यात हरतो.

न दिसणारा भाग तीन ठिकाणी आहे. ठोंबाला हवा असतो उजेड. आग हा तो देण्याचा एक मार्ग झाला. तेच गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून नेलं तरी उजेड पोचतो आणि फुटवा येतो. दुसरं, राखेचं खत. वाळक्या गवतातला बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जातो. पालाश, चुना, थोडं स्फुरद राखेत उरतं, पण उतारावर पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत ती राख ओढ्याला लागते, आणि जमीन उघडी असल्यानं तिच्याबरोबर मातीही जाते. सपाट खाचरात राख टिकते, डोंगरावर टिकत नाही. खाचरातला अनुभव डोंगराला लावला जातो आणि तिथे हिशेब चुकतो.

तिसरं सगळ्यात हळू घडतं, म्हणून लक्षातच येत नाही: गवताची जात बदलते. मारवेल, पवन्या अशी गुरांना आवडणारी गवतं दरवर्षीच्या आगीत आणि आगीनंतरच्या कोवळ्या चराईत मागे पडतात. कुसळी मात्र फोफावते. तिच्या बियांना लांब कुसळ असतं. ते ओलं-कोरडं होताना पीळ घेतं आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. मातीखाली गेलेलं बी वरून आग सरकली तरी वाचतं. वीस वर्षं जाळलेल्या उतारावर हिरवळ तेवढीच दिसेल, पण कुसळ धरल्यावर गुरं तिला तोंड लावत नाहीत. जुन्या माणसांना “लहानपणी या पडीत कोणकोणतं गवत होतं?” एवढंच विचारा. नावं तेच घेतील. मग “आता ते कुठे आहे?” हा प्रश्न तुम्हाला विचारावाही लागत नाही.

हे सगळं पटलं तरी माणूस काडी लावायची थांबेल असं नाही, कारण कापायला माणसं नाहीत. तरणी पोरं मुंबई-पुण्याला, गोठ्यातली गुरं कमी झालेली, आणि भारे उतरवून आणण्याची मजुरी गवताच्या किमतीत भागत नाही. उभं वाळलेलं गवत काढून टाकायचा फुकटचा विळा म्हणजे आग. तेव्हा गवताबद्दलचा समज हा बऱ्याचदा मजुरीच्या प्रश्नाचाच दुसरा चेहरा असतो, आणि मजुरीचा प्रश्न चित्रकला स्पर्धेनं सुटत नाही.

दुसरा समज: “झाडं तर उभीच आहेत, जळला तो पालापाचोळा.” हाही डोळ्यांनी पाहिलेला. टीव्हीवर कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियातल्या आगी दिसतात, शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारणाऱ्या. आपल्याकडे आग बहुतेक वेळा जमिनीलगत सरकते, ज्वाळा गुडघा-कमरेइतक्या, आणि पावसाळ्यात डोंगर पुन्हा हिरवा. त्या चित्रांशी तुलना करून लोक आपल्या वणव्याला वणवाच मानत नाहीत. इथे बोट ठेवायचं ते मोठ्या झाडांवर नाही, लहान रोपांवर. सालीखालचा जिवंत थर साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो. जाड सालीचं झाड वाचतं. अंगठ्याएवढं रोप वाचत नाही, किंवा जमिनीपासून पुन्हा फुटतं आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा जळतं. गावकऱ्यांना दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद तुकड्यात कमरेपेक्षा उंच पण मनगटापेक्षा बारीक अशी किती झाडं आहेत ते मोजायला लावा. नेहमी जळणाऱ्या भागात हा आकडा बऱ्याचदा शून्याजवळ येतो. म्हातारी झाडं आहेत, पण मागे पोरं नाहीत. मोठ्या झाडांची बुडं बघतानाही उताराच्या वरच्या बाजूला बघा: पाला तिथे साठतो, आग तिथे रेंगाळते, आणि ढोली तिथेच पडते. शिवाय टिटवी, रातवा, चंडोल यांची घरटी याच दिवसांत जमिनीवर असतात. ती कुणी मोजत नाही.

तिसरा समज “आपोआप लागते” हा. बांबू बांबूवर घासतो, उन्हानं गवत पेटतं, काचेच्या बाटलीतून लागते. वाळकं गवत पेटायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात. एप्रिलच्या दुपारी उघडा कातळ ६०-६५ पर्यंत तापतो. मधलं अंतर फार मोठं आहे. वीज पडून आग लागू शकते, पण आपल्याकडे विजा येतात त्या वळवाच्या सरींबरोबर, आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या आभाळात त्या नसतातच. आपल्या डोंगरातली जवळजवळ सगळी आग माणसाच्या हातूनच लागते, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं. तरी या समजुतीवर फार वेळ घालवू नका. बहुतेकांना ती खोटी आहे हे ठाऊक असतं. ती सोयीची असते, कारण तिच्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

आणि नाव घ्यायची वेळ आलीच तर चौथा समज पुढे येतो: “ते लावतात.” शेतकरी गुराख्याकडे बोट दाखवतो, गुराखी शिकाऱ्याकडे, गाव शेजारच्या वाडीकडे, आणि सगळे मिळून आदिवासी पाड्याकडे किंवा ट्रेकला येणाऱ्यांकडे. यातलं काहीही तारीख-जागेशिवाय मान्य करू नका. आग कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूनं, दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होते एवढं तीन-चार वर्षांचं कागदावर आलं की कारण बरंचसं आपोआप उलगडतं. रस्त्याच्या कडेनं सुरू होणारी आग आणि भातखाचराच्या बांधावरून चढणारी आग यांचा मालक एक नसतो.

म्हणून “वणवा वाईट आहे का?” हा प्रश्न गावात कधीच विचारू नका. सगळे हो म्हणतील, कारण विचारणाऱ्याला काय हवं ते त्यांना कळतं. विचारायचं ते असं: मागच्या उन्हाळ्यात पहिला धूर कुठे दिसला? कोण विझवायला गेलं, कोण गेलं नाही? कुणाचं काय जळालं? तुमच्या वडिलांच्या वेळी कधी जाळायचे, आणि कोण ठरवायचं? गट वेगळे बसवा: गुराखी, सरपण आणणाऱ्या बायका, भातवाले, आंबा-काजूची बाग असणारे, शिमग्याला येणारे चाकरमानी. एकत्र सभेत बायका बोलत नाहीत, आणि सरपणाला लांब जावं लागल्याची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. कोऱ्या कागदावर डोंगर, ओढे, वाटा काढून घ्या आणि आगीच्या जागा त्यांनाच रंगवू द्या.

या नकाशाला उपग्रहाची जोड देता येते. नासाच्या ‘फर्म्स’ संकेतस्थळावर आगीचे ठिपके फुकट मिळतात, आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या सूचनांसाठी कुणालाही नोंदणी करता येते. पण उपग्रहात ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं समजू नका. उपग्रहांवरच्या व्हिअर्स या संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि ते उपग्रह साधारण दुपारी दीड व रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. संध्याकाळी पाचला लावलेली आणि दहापर्यंत विझलेली गवताची आग त्यांच्या नजरेतून निसटते. आपल्याकडच्या कित्येक आगी अशाच असतात. लोकांच्या आठवणी आणि ठिपके एकमेकांना तपासायला वापरा, एकाला खरं मानून दुसऱ्याला खोटं पाडायला नको.

आता एक अवघड बाब. सगळी आग वाईट, असं म्हणू नका. ते खरंही नाही आणि पटतही नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा लोक उन्हाळ्याच्या तोंडाला हलकी पाचोळ्याची आग लावत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं, आग बंद झाली, आणि सोलिगांचं म्हणणं असं की त्यानंतर घाणेरीचं (म्हणजे लॅन्टानाचं) रान माजलं आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली. अभ्यासकांनीही हे म्हणणं गांभीर्यानं घेतलं आहे. अमेरिकेत १९३५ पासून नियम होता की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. कित्येक दशकं आग दाबून कोरड्या पाइनच्या जंगलांत इतकं जळण साठलं की नंतरच्या आगी जास्त भडकल्या; १९७० च्या दशकात तो नियम सोडावा लागला. “आग म्हणजे शत्रू” हाही शेवटी प्रचारानं घडवलेला समजच. पण याचा आधार घेऊन मार्चमध्ये भर दुपारी डोंगर पेटवण्याचं समर्थन होत नाही. ठरवून, ठराविक जागी, लवकरच्या हंगामात, माणसं उभी करून लावलेली थंड आग वेगळी, आणि काडी टाकून घरी गेलेल्याची आग वेगळी. भाषेतही हा फरक ठेवा: एकीला ‘जाळणी’ म्हणा, दुसरीला ‘वणवा’.

राबाचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. भात-नाचणीच्या रोपासाठी खाचरात डहाळ्या, पाला, शेण पसरून जाळतात. तणाचं बी मरतं, राख मिळते. याला वणवा म्हणून झोडपलंत तर सगळे भातवाले तुमच्या विरोधात. पण राबाची आग निसटून डोंगरावर जाते, तेव्हा चूक बहुधा त्याच तीन-चार गोष्टींत असते. कडेला किमान ३ मीटर पट्टा पार मातीपर्यंत साफ केलेला नसतो. जाळायला दुपार निवडलेली असते. बारीक गवताचा ओलावा तासाभरात बदलतो आणि दोन ते चारच्या दरम्यान ते सर्वांत कोरडं असतं, त्यात दिवसाचा वारा चढाच्या दिशेनं वाहतो. आग खालच्या कडेनं लावलेली असते. ती वरच्या कडेनं लावायची, म्हणजे उताराकडे हळूहळू मागे सरकते आणि वरचा पट्टा आधीच काळा होतो. आणि माणूस ज्वाळा संपल्यावर घरी जातो. शेणी आणि जाड लाकूड रात्रभर धुमसतं, सकाळी वारा सुटला की ठिणगी उडते. पहाटे लावा, चारजण ओल्या डहाळ्या आणि दोन हंडे पाणी घेऊन उभे राहा, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राख हातानं चाचपा. ज्यांना राब सोडायचा आहे त्यांच्यासाठी गादीवाफा आहेच, पण तो पर्याय म्हणून द्या, अट म्हणून नको. विदर्भात मोहफुलांचंही असंच: फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तिथे झाडाखाली जाळी बांधली तर फुलं मातीशिवाय मिळतात. हा फायदा दिसला की उपदेश लागत नाही.

“गवताची आग ती काय, फांदीनं विझते” हा समज मात्र जिवावर बेततो, त्याला सूट नाही. दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. ३० अंशांच्या उतारावर ती सपाटीपेक्षा आठपट वेगानं वर येते, आणि चढावर माणूस तेवढ्या वेगानं पळू शकत नाही. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात आगीत सापडलेले वीसहून अधिक ट्रेकर गेले. विझवायला जाणाऱ्यांना एवढं पाठ असू द्या: आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, जळून काळ्या झालेल्या भागातून बाजूनं काम करायचं, अंगावर नायलॉन-पॉलिएस्टर नको, सुती हवं, आणि ज्वाळा छातीइतक्या उंच झाल्या की हातानं विझवायचा नाद सोडून मागच्या जाळरेषेवर (आग अडवायला गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर) जायचं.

जाळरेषेबद्दलही एक गैरसमज आहे, की ती वनखात्याची गोष्ट. खात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि तोवर त्यांच्या रेषा व्हायला हव्यात. खासगी वरकसाच्या कडेला मात्र कुणीच काढत नाही, आणि आग बऱ्याचदा तिथूनच वर चढते. सोपी पद्धत अशी: ऑक्टोबरअखेरीस, गवत अजून पुरतं वाळलेलं नसताना, ६ मीटरच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना मीटरभर गवत कापून बाजूला काढा. मधलं वाळलं की सकाळी दव असताना जाळा. गवत कमरेइतकं आणि चढ तीव्र असेल तर १० मीटर धरा. जानेवारीत एकदा वाळलेला पाला झाडून काढा, कारण पानगळीच्या रानात रेषेवर पुन्हा पाला पडतो आणि फेब्रुवारीत ती रेषा नावालाच उरते. वनजमीन लगत असेल तर वनरक्षकाला आधी सांगा.

वनखात्याला खबर देण्याची भीती हा न बोलला जाणारा समज. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहेच, पण मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवण्याची मुभाही सरकारला आहे. म्हणजे लावली एकानं, भोगायचं सगळ्यांनी. अशा ठिकाणी लोक धूर बघूनही गप्प बसतात. ‘हॅलो फॉरेस्ट’ या वनखात्याच्या मदतवाहिनीचा १९२६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ही भीती जात नाही. वनपालाशी आधीच बसून ठरवा की फोन करणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कुठे?’ हाच विचारला जाईल, ‘कुणी?’ हा नाही. हे एका हंगामात पाळलं गेलं की फोन वाढतात. जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत आणि बांबू-तेंदूचे पैसे ग्रामसभेकडे येतात, तिथे बोलणी सोपी होतात, कारण जळतं ते आपलं असतं.

शेवटी तुमच्या मूळ वादाकडे, गवताकडे. तो वाद बोलून सोडवू नका, मोजून सोडवा. कुणाच्या तरी वरकस जमिनीत, एकाच उतारावर शेजारी शेजारी १० बाय १० मीटरचे तीन तुकडे घ्या. एक ऑक्टोबरात कापायचा, एक भोवती पट्टा साफ करून फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे जाळायचा, एक तसाच ठेवायचा. तिघांनाही काट्यांचं कुंपण हवंच, नाहीतर गुरं जाळलेल्या तुकड्यात शिरतील आणि तुलना बिघडेल. प्रत्येक तुकड्यात दहा मोठे खिळे जमिनीच्या बरोबरीनं ठोका. पावसाळ्यानंतर खिळ्याचं डोकं किती वर आलं त्यावरून माती किती गेली ते समजतं. सप्टेंबरअखेरीस प्रत्येक तुकड्यात पाच ठिकाणी मीटर बाय मीटरचा चौकोन कापा, जातीनुसार पेंढ्या वेगळ्या करा, आठवडाभर उन्हात वाळवून वजन करा. निवडायचं काम गवत कापणाऱ्या बायकांना द्या आणि ताणकाटा जाळण्याच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या गुराख्याच्या हातात. पहिल्या वर्षी जाळलेल्या तुकड्याचं वजन जास्त भरणं अगदी शक्य आहे. भरलं तर तेही तसंच फळ्यावर लिहा, कुसळी किती आणि मारवेल किती हे त्याखाली लिहा, आणि कुंपण आणखी दोन वर्षं ठेवा.